राखणदाराचे पाय

त्या तळ्यात मरण नेहमी वरून येत असे. काठालगतच्या उथळ पाण्यात दोन काटक्या उभ्या राहत, बराच वेळ नुसत्या उभ्या राहत, आणि मग पाणी एकदाच फाटे. जो गेला तो गेला. बाकीचे मासे कमळांच्या देठांत शिरून अंग चोरून बसत, आणि दुसऱ्या दिवशी गेलेल्याचे नाव कुणी काढत नसे.

तळे एका बागेत होते. बागेला मालक होता, पण माशांना त्याचे फक्त हात ठाऊक होते. हे हात अधूनमधून येत, पाण्यात दाणे टाकत, कुजलेली पाने काढून नेत. बगळ्यांचे काय करायचे हे त्या हातांना अजून सुचले नव्हते.

या तळ्यात कवडी नावाची एक मासोळी राहत असे. अंगाने पांढरट, पाठीवर पिवळसर झाक. तिला डावा डोळा नव्हता. लहान असताना बगळ्याची चोच तिच्या डोक्यावरून घसरत गेली होती. चोचीला मासा मिळाला नाही आणि कवडीला डोळा राहिला नाही. तेव्हापासून ती पोहताना अंग जरा कलते ठेवी, शाबूत डोळा आभाळाकडे. तिच्या त्या तिरक्या चालीला इतर मासे मागून हसत. पण बगळा आल्याचे सगळ्यांच्या आधी तिलाच कळे, आणि हसणारेच तिच्यामागून देठांत शिरत.

एका सकाळी हातांनी काठाशी बरीच खडखड केली. पाणी गढूळ झाले. ते निवळले तेव्हा हात निघून गेले होते आणि उथळात एक बगळा उभा होता.

तो सकाळी उभा होता, दुपारी उभा होता, दुसऱ्या दिवशीही तिथेच उभा होता. पाणी एकदाही फाटले नाही. माशांच्या तोंडचे पाणी पळाले, आणि माशांच्या बाबतीत ही काही साधी गोष्ट नव्हे. एवढ्या सबुरीचा बगळा म्हणजे त्याची भूकही तेवढीच मोठी असणार, असे सगळे धरून चालले. देठांबाहेर कुणी पडेना. हातही पुन्हा दाणे टाकायला आले नाहीत. मासे वाळू लागले, आणि आधी वाळली ती अर्थातच पोरे.

कवडीची त्या साली एकच पोर जगली होती. पाठीवर काळी रेघ होती म्हणून तिचे नाव रेघी. तिची ती रेघ दिवसेंदिवस बरगड्यांवर उठून दिसू लागली, तेव्हा कवडी उठली आणि उथळाकडे निघाली. ती शूर होती असे नाही. पोर डोळ्यांदेखत मरताना बघण्यापेक्षा चोच बरी, एवढेच तिला वाटले.

बगळ्याच्या पायांजवळ आल्यावर तिने अंग कलते केले आणि वर पाहिले. लांब मान, पिवळी चोच, गोल डोळा. तो डोळा तिच्याकडे वळला नाही. मग तिने पायांकडे पाहिले, आणि तिला दिसले की पायांवर शेवाळ धरले आहे. कोवळे, हिरवेगार, बोटभर लांब. शेवाळ धरायचे तर एका जागी मुक्काम लागतो. शिकाऱ्याला तो जमत नाही, हे कवडीला त्या क्षणी उमगले. तिने एक घास घेतला. काही झाले नाही. दुसरा घेतला, आणि तिसरा तोंडात भरून रेघीसाठी आणला.

देठांत लपलेल्यांना तिने एवढेच सांगितले, की त्याच्या पायावर शेवाळ आहे, म्हणजे तो मारणारा नव्हे. आधी कुणाचा विश्वास बसेना. पण भूक फार वाद घालू देत नाही. एकेक करून सगळे बाहेर आले. हळूहळू आणखी एक गोष्ट ध्यानात आली. खरे बगळे आकाशातून घिरट्या घालत येत, उथळात एक जण आधीच उभा आहे हे बघत, आणि पुढे निघून जात. जिथे एक उभा तिथे दुसऱ्याने उतरायचे नाही, असा त्यांच्यात रिवाज होता. ज्या रूपाने आजवर तळे खाल्ले, तेच रूप आता तळे राखत होते. माशांनी त्याला राखणदार म्हणायला सुरुवात केली.

मग सुखाचे दिवस आले. पोरे जगली, त्यांची पोरे जगली. दाणे येत नव्हते, पण वरची भीती गेल्यावर तळ्यात खायला पुष्कळ आहे असे दिसून आले. नव्या पिढीला देठांत शिरावे लागले नाही. मरण वरून येते हे ती म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐके आणि एकमेकांकडे बघून शेपट्या हलवी.

पोटासाठी खाल्लेले शेवाळ आता सेवा म्हणून खाल्ले जाऊ लागले. राखणदाराच्या पायांवर हिरवे दिसता कामा नये, असे ठरले. त्यासाठी पायकरी नेमले गेले. पायकरी म्हणजे राखणदाराचे पाय साफ ठेवणारे. त्यांचा तळ्यात मान मोठा, आणि कोवळे शेवाळ रोज पोटात जात असल्याने अंगही मोठे. त्यांचा म्होरक्या तांबोजी हा लालभडक, रुंद पाठीचा, सावकाश बोलणारा मासा होता. अंड्यातून निघालेले प्रत्येक पोर आधी त्या पायांना शिवायला न्यायचे, ही चाल त्यानेच पाडली. पाय इतके लख्ख झाले, की ऊन पडले म्हणजे त्यांच्याकडे बघवत नसे.

कवडीला हे खपले नाही. एकदा सगळे जमले असताना ती तांबोजीला म्हणाली, की सेवा करा, पण थोडे शेवाळ राहू द्या. आपल्याला त्याची ओळख पटली ती शेवाळावरून, आणि ओळखच खाऊन टाकली तर उद्या दुसरा कुणी येऊन उभा राहिला तर कळायचे कसे? तांबोजीने तिचे शांतपणे ऐकून घेतले. पहिला घास कवडीने घेतला होता हे तो विसरला नव्हता. प्रत्येक उत्सवात तो तिचे नाव आदराने घेई.

"कवडीबाई," तो म्हणाला, "ज्यानं आपल्याला जगवलं त्याला आपण घाणेरडं ठेवायचं? तुम्ही फार सोसलंय, म्हणून तुम्हाला अजून भीती वाटते. आमच्या पोरांना ती शिकवू नका."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कवडीला ते पटले नाही. राखणदाराच्या उजव्या पायाला मागच्या बाजूने, पाणी आणि चिखल मिळतात तिथे, एक खोबण होती. पायकऱ्यांची रुंद तोंडे तिथे पोचत नसत. त्या खोबणीतला शेवाळाचा झुबका कवडीने राखला. रेघी लहान असताना तिने तिला तिथे नेऊन तो दाखवला आणि बजावले, की हे खायचे नाही. सगळे विसरले तरी तू ही खूण विसरायची नाही. रेघीने ते कुणाला सांगितले नाही. पण मोठी झाल्यावर तिला त्या गोष्टीची लाज वाटू लागली, कारण तोवर रेघी स्वतः पायकरीण झाली होती, आणि आपल्या आईने राखणदाराच्या पायावर मुद्दाम घाण ठेवली आहे हे मनात बाळगून तिला रोज त्याच पायांची सेवा करावी लागे.

नंतर एका दुपारी धुळीचे वादळ आले. बागेतली झाडे कडकडली, तळ्यात पाने, फांद्या, माती पडू लागली, आणि पाणी इतके गढूळ झाले की माशाला स्वतःची शेपटी दिसेना. त्या गढूळातच काहीतरी मोठे कोसळल्याचा हादरा सगळ्यांना बसला. मासे तळाशी एकमेकांना चिकटून राहिले. पाणी निवळायला वेळ लागला. ते निवळले तेव्हा राखणदार उथळात होता तसाच उभा होता. आणि तळ्याच्या खोल भागात, मान मोडलेला, चोच चिखलात रुतलेला, दुसरा एक बगळा पडला होता.

काय झाले ते तांबोजीला लगेच कळले. वादळाचा फायदा घेऊन शत्रू आला होता. राखणदाराने त्याला लोळवले होते. तळ्यात असा आनंद पूर्वी कधी झाला नव्हता. इतकी वर्षे नुसत्या उभ्या असणाऱ्याने आज आपले बळ दाखवले होते. शत्रूच्या मढ्याजवळ कुणी जायचे नाही असे फर्मान निघाले, आणि त्याची गरजही नव्हती, कारण सगळे वर पायांशी गर्दी करून होते.

कवडी एकटी खाली गेली. पडलेल्याच्या पोटाला मोठी भेग पडली होती आणि आत काहीच नव्हते, नुसती पोकळी. तिने उजव्या पायाची मागची बाजू शोधली. खोबणीत हिरवा झुबका जसाच्या तसा होता. ज्याच्या आडोशाला तिची पोर वाढली, तो इथे पडला होता, आणि त्याच्या जागी कुणीतरी दुसरा येऊन उभा होता.

तिने वर येऊन सगळ्यांना सांगितले. लपवून ठेवलेल्या खुणेबद्दलही सांगितले, काही हातचे राखले नाही. खाली चला, म्हणाली, आपल्या राखणदाराच्या पायावर शेवाळ आहे, ते डोळ्यांनी बघा. आणि या उभ्याच्या पायावर काही नाही.

तांबोजी हसला नाही, रागावलाही नाही. त्याने सगळ्यांना विचारले, "शेवाळ कुणाच्या पायावर? शत्रूच्याच ना? आणि लख्ख पाय कुणाचे?"

इतक्या वर्षांच्या सेवेचा पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उन्हात चकाकत होता. तांबोजी लबाड नव्हता, हे इथे सांगितले पाहिजे. लबाड असता तर एखाद्या दिवशी त्याचे पितळ तरी उघडे पडले असते.

दुसऱ्या सकाळी एक पायकरी गेला. पाणी फाटले, शेजारी सेवा करत होते त्यांच्या अंगावर लाट आली, आणि त्याची जागा रिकामी झाली. तळ्यात क्षणभर कुणी हलले नाही. असे पाणी फाटताना बहुतेकांनी जन्मात पाहिले नव्हते, त्यामुळे त्याला काय म्हणतात हे त्यांना माहीत नव्हते. तांबोजीनेच शब्द दिला. पायकऱ्याला वरून बोलावणे आले, तो म्हणाला. त्यानंतर रोज कुणाला ना कुणाला बोलावणे येऊ लागले. संध्याकाळी राखणदार जागेवर नसे, तेव्हा तो इतर तळ्यांची काळजी घ्यायला जातो असे समजले, आणि आपला राखणदार एवढा मोठा आहे याचा सगळ्यांना अभिमान वाटला. पायकरी कमी पडू लागले तसे इतरांनाही सेवेची संधी मिळू लागली. उथळाकडे रांग लागली.

कवडीने आणखी एक प्रयत्न केला. भर गर्दीतून ती सरळ पायाशी गेली आणि अंगात होते नव्हते ते बळ लावून त्याला चावली. पाय उचलला गेला. पाण्याबाहेर गेला, थोडा वेळ तिथे राहिला, आणि जरा पलीकडे टेकला. गर्दीतले दोघे-तिघे म्हातारे नकळत मागे सरले. हलणारा पाय म्हणजे काय ते त्यांना आठवले असावे. पण तेवढ्यात तांबोजीचा आवाज आला, आणि तो खरोखर कापत होता.

"आजवर आपल्यासाठी त्यांनी कधी पाऊल उचललं नव्हतं," तो म्हणाला. "आज उचललं."

म्हातारे पुन्हा पुढे आले. पायाला चावा घेतल्याबद्दल कवडीला गर्दीतून ढकलून बाहेर काढण्यात आले, आणि तिने पुन्हा उथळाकडे फिरकू नये असे बजावण्यात आले. ती खाली जाऊन पडलेल्याच्या पोटातल्या पोकळीत राहू लागली. तिथे चोच पोचत नव्हती. सगळे तळे मावले असते असे नाही, पण निम्मे नक्की मावले असते. तिथे आपण एकट्याच आहोत हे तिला पडलेल्या मढ्यापेक्षा जास्त टोचे.

रेघीची सेवेची पाळी उद्यावर आली, तेव्हा कवडी बंदी मोडून देठांच्या आडून तिला भेटायला गेली. रेघी अंगाने भरली होती, पाठीवरची रेघ रुंद झाली होती. कवडीने तिला विनवले, की फक्त एकदा खाली चल, फक्त तो पाय बघ. रेघी म्हणाली, की शत्रूच्या मढ्याला पायकरणीने शिवायचे नसते, आणि शिवली तर तिची पाळी जाईल. कवडी म्हणाली, जाऊ दे की पाळी.

"आई, सगळे घाबरून बसले होते तेव्हा तू एकटी त्या पायांशी गेलीस," रेघी म्हणाली. "ही गोष्ट मला सगळ्या तळ्यानं सांगितलीय. मी तेच करतेय. तुला नको का वाटतं?"

"मी तुझ्यासाठी गेले होते, रेघे."

"मीही सगळ्यांसाठीच जातेय."

एवढे बोलून ती निघून गेली, कारण पाळीच्या आदल्या दिवशी पायकरणीने गर्दीत राहायचे असते. कवडी देठांशीच थांबली. भ्यायचे नाही हे तिने पोरीला आयुष्यात एकदाच, पोटासाठी, नकळत शिकवले होते, आणि रेघीने तेवढेच मनापासून घेतले होते.

सकाळी ऊन उथळावर आले तेव्हा कवडी खाली, पडलेल्याच्या उजव्या पायाच्या मागे होती. जो झुबका तिने इतकी वर्षे जपला तो तिने मुळापासून उपटला आणि तोंडात धरला. रेघी खाली येत नसेल तर खूण वर न्यायची. ती पाहिल्यावर पोरीला ओळखू येईल. बाकी कुणाला पटो न पटो, तिला पटेल. त्या दोघींशिवाय ही खूण कुणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

रांगेतल्यांनी तिला वाट दिली. अडवायला हवे होते, पण पहिला घास घेणारी मासोळी सेवेला आली असे काहींना वाटले असावे. रेघी पायांशी होती. दोन्ही पाय स्तब्ध होते. कवडी तिच्या बाजूला आली आणि तिथे तिला एका गोष्टीचा विचार करावा लागला, जिचा तिने आजवर कधी केला नव्हता. तिला एकच डोळा होता. तो आभाळाकडे ठेवला तर पोर दिसत नव्हती, आणि पोरीकडे ठेवला तर आभाळ. चोचीचा मार बसल्या दिवसापासून तो डोळा तिने वरून काढला नव्हता.

कवडीने अंग वळवले आणि डोळा रेघीकडे केला. तोंडातले हिरवे तिच्यासमोर धरले. रेघी ते बघत राहिली. तिला ते ओळखू आले, हे कवडीला दिसले. पोरीच्या शेपटीची हालचाल थांबली होती.

पाणी फाटले.

लाट ओसरली तेव्हा रेघी होती तिथेच होती. वर उन्हात काहीतरी पांढरे, पिवळसर झाकेचे, क्षणभर वळवळले आणि दिसेनासे झाले. मागे सेवेकऱ्यांत बोलावणे आल्याची आदराची कुजबुज झाली. शेवाळाचा झुबका कवडीच्या तोंडातून सुटून पाण्यात पडला होता. तो हळूहळू तरंगत खाली आला, उजव्या पायाला लागला, आणि त्याभोवती वेढा घालून तिथेच चिकटला.

रेघीने त्याच्याकडे पाहिले. लहानपणी आईने जिथे दाखवला होता, तेवढ्याच उंचीवर तो आता होता. तांबोजी मागून काहीतरी हलकेच म्हणाला. सगळी रांग तिच्याकडे बघत होती. लख्ख पायावर तो हिरवा डाग लांबूनही दिसत असणार.

रेघी पुढे झाली आणि तिने तो खाऊन टाकला. मग पायावर काही राहिले नाही ना, हे तोंडाने पुन्हा एकदा चाचपून पाहिले. पाय आधीसारखा चकाकू लागला, आणि तिच्यामागची रांग थोडी पुढे सरकली.